हास्यवायू आणि मोटारीचे इंजिन

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी आखातातून रजेवर आला. भेटीस येताना त्याने खजुराच्या डब्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी एक वस्तू आमच्या टेबलावर ठेवली. कागद सोडला, तो आत पालथ्या वाटीच्या आकाराचा, ॲल्युमिनियमचा एक जड तुकडा निघाला. त्याच्या माथ्यावर करंगळी जाईल एवढे भोक पडले होते आणि भोकाची कड मेणबत्तीच्या ओघळाप्रमाणे वितळून थिजली होती.

"सर, हा पिस्टन शाळेच्या प्रदर्शनात ठेवा," तो म्हणाला. "मात्र खाली माझं नाव घालू नका."

हा विद्यार्थी तेथे मोटारींच्या एका कारखान्यात काम करतो. त्या पिस्टनची हकीकत पुढे येईलच. ती येथे सांगण्याचे कारण असे की, त्याच आठवड्यात नववीच्या एका मुलाने आम्हांस विचारले होते, "सर, बाबांच्या गाडीला 'नॉस' बसवता येईल का?" २००१ साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या अमेरिकन चित्रपटापासून हा शब्द जगभर पसरला. चित्रपटात नायक एक कळ दाबतो, गाडी बाणासारखी सुटते आणि प्रतिस्पर्धी मागे पडतो. मुलांच्या मनात ती निळी बाटली म्हणजे एक प्रकारचे जहाल पेट्रोल असते. आम्हीही तसेच समजत होतो. आम्ही कला शाखेचे पदवीधर; इंजिनाशी आमचा संबंध बसमधून शाळेत येण्यापुरता. परंतु पिस्टनवरचे भोक पाहिल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास दोन दुपारी बसवून घेतले, रसायनशास्त्राचे हिशेब आमच्या विज्ञानशिक्षक सहकाऱ्यांकडून तपासून घेतले आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नायट्रस ऑक्साइड हा वायू स्वतः जळत नाही. तो इंधन नव्हे. तो जाळण्यास मदत करणारा आहे. आमच्या कोंकणीत विस्तवाला 'उजो' म्हणतात. लहानपणी चुलीतला उजो मंदावला म्हणजे आजी आणखी लाकडे सरकवीत नसे. ती फुंकणी हाती घेई. लाकडे तीच, पण फुंकर मिळताच ज्वाळा उठत. लोहाराचा भाता करतो तेही हेच. जळण पुष्कळ असून उपयोग नाही, त्यास प्राणवायू मिळाला पाहिजे.

मोटारीच्या इंजिनाची अडचण नेमकी हीच आहे. सिलिंडरात पिस्टन खाली उतरतो, तेव्हा त्या पोकळीत मावेल तेवढीच हवा आत येते. पेट्रोल अधिक सोडणे सोपे आहे. परंतु हवा वाढली नाही तर ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर जाते. म्हणजे इंजिनाची शक्ती पेट्रोलच्या टाकीने ठरत नाही, आत येणाऱ्या हवेने ठरते. ती वाढवायची तर इंजिन मोठे करावे, किंवा पंख्याने हवा दाबून आत भरावी, किंवा प्राणवायू बाटलीतून बरोबर न्यावा. नायट्रस ऑक्साइड हा या तिसऱ्या मार्गाचा प्रवासी.

हा वायू जोसेफ प्रीस्टली याने १७७२ साली प्रथम तयार केला. पुढे १७९९ मध्ये ब्रिस्टॉल येथे तरुण हंफ्री डेव्ही याने तो स्वतः हुंगून पाहिला व त्याच्या गमतीदार परिणामावरून त्यास हास्यवायू हे नाव पडले. डेव्हीने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या वेदना शमविण्यास याचा उपयोग होऊ शकेल असे सुचविले होते. पण ती सूचना चाळीसहून अधिक वर्षे पडून राहिली. अखेर १८४४ मध्ये अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःचा दात उपटून घेतला. दात काढणाऱ्यांच्या दालनातून हा वायू इंजिनात पोचला तो दुसऱ्या महायुद्धात. आठ हजार मीटरांच्या वर हवा इतकी विरळ होते की, विमानाचे इंजिन धापा टाकू लागते. जर्मनांनी आपल्या काही मेसरश्मिट लढाऊ विमानांत नायट्रस ऑक्साइडच्या टाक्या बसवून त्या उंचीवर गमावलेली शक्ती परत मिळविली. युद्धानंतर ही युक्ती अमेरिकेतील शर्यतींच्या मैदानात उतरली. तेथे पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची, सरळ रेषेतील शर्यत फार लोकप्रिय आहे. काहींनी ती चोरूनही वापरली. १९७६ साली डेटोना येथील मोठ्या शर्यतीच्या पात्रताफेरीत या वायूच्या गुप्त वापराच्या कारणावरून आघाडीच्या चालकांच्या वेळा रद्द झाल्या. 'नॉस' हे नाव मात्र वायूचे नव्हे. १९७८ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या 'नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स' या कंपनीच्या आद्याक्षरांचे ते नाव आहे, आणि वनस्पती तुपाला जसे आपण 'डालडा' म्हणू लागलो तसे ते सर्वांना चिकटले.

आता थोडे गणित. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत नत्रवायूचे दोन अणू व प्राणवायूचा एक अणू असतो. अणुभार अनुक्रमे १४ व १६ धरल्यास रेणूचा भार ४४ होतो आणि त्यातील १६, म्हणजे शेकडा ३६ भाग, प्राणवायू. साध्या हवेत वजनाने प्राणवायूचे प्रमाण शेकडा सुमारे २३ आहे. फरक आहे, पण डोळे दिपावेत एवढा नाही. खरी मौज पुढे आहे. हा वायू बाटलीत दाबाखाली द्रवरूपाने राहतो आणि इंजिनाच्या हवामार्गात सुटताच उकळतो. साध्या दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू शून्याखाली ८८ अंश आहे! त्यामुळे शेजारची हवा एकदम गार होऊन आकसते आणि तीही अधिक मावते. सिलिंडरातील ज्वलनाच्या उष्णतेत रेणू फुटतो, प्राणवायू मोकळा होतो, आणि फुटताना थोडी उष्णताही देतो. मग शुद्ध प्राणवायूच का भरू नये, असे कोणी विचारील. तर येथे प्राणवायू रेणूत कुलूपबंद येतो व सिलिंडरात पोचल्यावरच सुटतो, आणि बरोबर आलेला नत्रवायू ज्वलनाचा धक्का सौम्य करतो. शुद्ध प्राणवायू दिला तर इंजिनाची गत लोखंडी फाटके बनविणाऱ्याच्या कटिंग टॉर्चखाली सापडलेल्या पत्र्यासारखी होईल.

पेट्रोलऐवजी हिशेबासाठी ऑक्टेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ व हायड्रोजनचे १८ अणू, भार ११४. आठ कार्बन जाळण्यास प्राणवायूचे १६ अणू लागतात आणि अठरा हायड्रोजन जाळण्यास ९, एकूण २५. नायट्रस ऑक्साइडचा प्रत्येक रेणू एकच अणू देतो, म्हणून असे २५ रेणू पाहिजेत. त्यांचा भार २५ गुणिले ४४, म्हणजे ११००. अकराशेला ११४ ने भागले की ९.६५ येतात. म्हणजे एक किलो पेट्रोलला साडेनऊ किलोंहून थोडा अधिक हास्यवायू. साध्या हवेच्या बाबतीत एक किलो पेट्रोलला सुमारे १५ किलो हवा लागते. तात्पर्य, या वायूच्या प्रत्येक किलोबरोबर साध्या हवेच्या किलोपेक्षा दीडपट पेट्रोल गेले पाहिजे. प्रत्यक्षात जाणकार त्याहूनही जास्त सोडतात, कारण जादा पेट्रोल आतील उष्णता आवरते. सारी विद्या या एका अटीत आहे. बाटली बसविणे म्हणजे पेट्रोलची नवी व्यवस्था बसविणे होय.

ही बसवणी कशी करतात ते पाहू. बाटली सामान्यतः गाडीच्या मागील डिकीत, आडवी पण किंचित तिरपी बांधतात. तिच्या आत तळाकडे वळलेली एक नळी असते. गाडी वेगाने पुढे झेपावली की द्रव मागे सरतो, म्हणून तोंड पुढे व उंच आणि बूड मागे व खाली ठेवावे लागते, म्हणजे नळीचे टोक शेवटपर्यंत द्रवात बुडून राहते. उलटी बांधली तर द्रवाऐवजी नुसता वायू येतो व सारा हिशेब चुकतो. बाटलीच्या झडपेवर एक पातळ चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला तर ती फुटून वायू सुटतो. त्या चकतीपासून गाडीबाहेर नळी काढणे शर्यतीच्या मैदानावर आवश्यक मानतात. बंद गाडीत हा वायू सुटला तर तो हवेची जागा घेतो आणि चालक गुदमरतो.

बाटलीपासून पोलादी जाळीत गुंफलेली नळी इंजिनापर्यंत येते. वाटेत गाळणी, मग विजेवर उघडणारी सोलेनॉइडची झडप, आणि शेवटी बारीक भोकाची तोटी, जिला जेट म्हणतात. वायूचे किती व पेट्रोलचे किती, हे जेटच्या भोकावरून ठरते. नळीच्या सांध्यांवर नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेप येथे वापरत नाहीत, कारण तिचा एखादा धागा सुटून झडपेत अडकला की झडप मिटत नाही. हे ऐकून आम्हांस हसू आले. पण आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा गंभीर होता. शर्यतीपूर्वी गाडीतून पांढऱ्या वाफेचा फवारा सुटतो, तोही केवळ देखावा नव्हे. नळीत साचलेला वायू बाहेर घालवून द्रव झडपेपर्यंत आणण्यासाठी तो सोडतात.

रचनेचे प्रकार तीन. पहिल्यात हवामार्गात नुसता वायू सोडतात आणि जादा पेट्रोल गाडीच्या स्वतःच्या इंजेक्टरांकडून घेतात. यास कोरडी पद्धत म्हणतात. दुसऱ्यात एकाच तोटीतून वायू व पेट्रोल मिळून फवारतात, ती ओली. ओलीत एक धोका असा की, हवामार्ग लांब व वाकडा असेल तर पेट्रोल खालच्या भागात साचते, आणि आग उलटी आली म्हणजे तेथेच स्फोट होतो. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोटी. ती सर्वांत खर्चाची व सर्वांत नेमकी.

चित्रपटातील कळ दाबली की झाले, असे मात्र नसते. मुख्य बटण चालू केल्यावरही झडप तेव्हाच उघडते जेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत, बहुधा मिनिटाला ३,००० च्या वर, असतात. मंद गतीवर हा वायू सोडला तर एका ठोक्याच्या वाट्याला इतका माल येतो की इंजिन तो पेलू शकत नाही. याशिवाय एक लहानशी कळ पेट्रोलच्या नळीवर बसवतात. पेट्रोलचा दाब घसरला की ती वायूची वीज तोडते. या कळीकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

आता पिस्टनची हकीकत. आमच्या विद्यार्थ्याकडे एका गिऱ्हाइकाची सहा सिलिंडरांची गाडी आली. तिला ७५ अश्वशक्ती वाढविणारी ओली व्यवस्था आधीच होती व ती वर्षभर बिनतक्रार चालली होती. गिऱ्हाइकास ती दीडशेची करून हवी होती. वरवर पाहता काम सोपे असते. वायूचा व पेट्रोलचा असे दोन्ही जेट मोठे घालायचे. त्याने तक्त्याप्रमाणे दोन्ही बदलले. येथपर्यंत तो चुकला नाही. पुष्कळ जण वायूचाच बदलतात. ठिणगीची वेळही त्याने मागे घेतली. हास्यवायूचे मिश्रण लवकर जळते, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी नेहमीइतकी लवकर ठिणगी देऊन चालत नाही. दर ५० अश्वशक्तीमागे सुमारे २ अंश उशीर करावा असा प्रघात आहे, म्हणून त्याने ६ अंश केला. प्लग अधिक थंड जातीचे घातले. पेट्रोलचा दाब मापकावर पाहिला, तो बरोबर होता.

परंतु हा दाब इंजिन नुसते गुरगुरत असताना पाहिलेला होता. आमच्याकडे इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगणे नको. सर्व नळ बंद असताना पाण्याला जोर असतो. खालच्या तीन घरांनी नळ सोडले की वर धार दोऱ्याएवढी होते. गाडीचा जुना पंप ७५ ला पुरत होता. दीडशेला मोठ्या जेटचे तोंड उघडताच दाब कोसळला. पहिल्याच धावेत ती लहानशी कळ मधेच वायू तोडू लागली. गिऱ्हाईक म्हणाले, कळ बिघडली आहे, काढून टाक. दुसऱ्या धावेतही तेच झाले. शुक्रवार होता, मंडळी जमली होती, आणि त्याने तार उपटली.

तिसऱ्या धावेत गाडी खरोखरच सुसाट गेली, साधारण निम्म्या अंतरापर्यंत. मग एक फट्ट आवाज आणि मागे निळा धूर.

काय झाले ते आता आपणांस उलगडेल. वायू पूर्ण येत होता, पेट्रोल निम्मे. जादा पेट्रोलने उष्णता आवरण्याऐवजी जादा प्राणवायू तिला चेतवीत राहिला आणि मिश्रण आपोआप, ठिणगीची वाट न पाहता, हातोड्याच्या घावांसारखे पेटू लागले. एरवी पिस्टन आपली उष्णता कड्यांमधून सिलिंडरच्या भिंतीला व खालून तेलाला सतत देत असतो, म्हणूनच जिवंत राहतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते. ज्वाळेचे तापमान त्याच्या कितीतरी वर. देणे थांबले नाही, पण येणे देण्यापेक्षा वाढले. भोक पडण्यास काही क्षण पुरले.

त्याचा तीन महिन्यांचा पगार त्या इंजिनाच्या दुरुस्तीत गेला. त्याबद्दल तो कोणास दोष देत नाही. त्यास खंत आहे ती त्या तारेची. त्या दिवशी मैदानावरील सर्व माणसांपैकी पेट्रोल कमी पडते हे त्या दोन रुपयांच्या कळीलाच ठाऊक होते, असे तो म्हणाला. दोन रुपये हा त्याचा शब्द. तिची खरी किंमत आम्ही विचारली नाही.

दुरुस्तीनंतर मालकाने तेच काम पुन्हा त्याच्याकडेच सोपविले, आणि त्याने ते उलट्या क्रमाने केले. जेट शेवटी ठेवला. प्रथम मोठा पंप व जाड नळी घातली. मग इंजिनाला जोडण्यापूर्वी पेट्रोल जेटमधून मापाच्या भांड्यात ठरावीक वेळ सोडून, वाहत असताना दाब किती टिकतो व किती ग्रॅम उतरते, हे घड्याळ लावून पाहिले. ओतीव पिस्टन काढून घडीव बसविले, कारण ते ठोके अधिक सोसतात. कड्यांच्या टोकांतील फट वाढविली. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात जशी उन्हाळ्यासाठी फट ठेवतात तशीच ही. उष्णतेने कडी फुगून तिची दोन्ही टोके भिडली, तर ती पिस्टनची धारच फोडते. एवढे झाल्यावर त्याने १०० चा जेट घातला, दोन धावा घेतल्या, सहाही प्लग काढून त्यांच्या पांढऱ्या मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत का ते भिंगाने पाहिले, आणि मगच दीडशेचा. कळीची तार जागेवर होती.

आमच्या हवेत ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. बाटलीतील दाब तापमानावर अवलंबून असतो. २० अंशांवर तो वातावरणाच्या सुमारे ५० पट, ३० अंशांवर ६० पटींच्या वर, आणि ३६.४ अंशांच्या पुढे तर हा पदार्थ बाटलीत द्रवरूपाने राहूच शकत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हे तापमान सहज ओलांडले जाते. थंड देशांतले शर्यतवाले बाटलीस विजेची ऊबदार पट्टी गुंडाळतात. आखातात ते तिच्यावर ओले फडके टाकतात. दाब बदलला की त्याच जेटमधून जाणारा वायू बदलतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते, आणि आपण पुन्हा भोकापाशी येऊन पोचतो.

नववीच्या त्या मुलाने पुढे असेही विचारले होते की, इस्पितळातील सिलिंडर चालेल का. त्याचे उत्तर येथेच देतो. तो वायू रोग्यांचा आहे. आणि कोणी गंमत म्हणून हुंगण्याच्या विचारात असेल, तर डॉक्टर तो प्राणवायूत मिसळून, नाडी पाहत देतात. नुसता हुंगल्याने माणसे गुदमरून मेली आहेत, आणि वारंवार हुंगल्याने शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. म्हणूनच अमेरिकेत मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या वायूत नाक जाळणारा गंधकाचा वायू थोडा मिसळतात. राहिला प्रश्न बाबांच्या गाडीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरविलेल्या स्वरूपात असा बदल करून गाडी आपल्या रस्त्यावर आणता येत नाही. बाबांना विचारण्याचे कष्ट वाचले.

तो विद्यार्थी जून महिन्यात परत गेला. पिस्टन प्रयोगशाळेच्या डावीकडील कपाटात, दुसऱ्या फळीवर ठेवला आहे. खाली नाव घातलेले नाही. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो पाहून पुढील उदाहरण सोडवावे. ४.५ किलोंची बाटली आहे. १०० अश्वशक्ती वाढविण्यास दर सेकंदास सुमारे ४५ ग्रॅम वायू लागतो असे धरा. १५० अश्वशक्तीवर बाटली किती सेकंद पुरेल, आणि तेवढ्या वेळात पंपाने, इंजिनाच्या नेहमीच्या गरजेखेरीज, निदान किती ग्रॅम पेट्रोल दिले पाहिजे? आमची उत्तरे ६७ सेकंद व ४६६ ग्रॅम अशी आली आहेत. कोणाची निराळी आल्यास वही घेऊन यावे.